पेटी ते कवच : एका जोडव्यापाराची वाटचाल

कंदील एकदा विकला जातो. त्याची काच मात्र वारंवार विकली जाते. शिवणयंत्राबरोबर सुया, लेखणीबरोबर शाई आणि सायकलीबरोबर ट्यूब यांचा व्यापार असाच वाढत गेला. मुख्य वस्तू एकाने निर्माण करावी आणि तिच्या आधाराने दुसऱ्याने आपली पेढी उभी करावी, हा बाजाराचा जुना रिवाज आहे. अशा व्यापारास जोडव्यापार म्हणता येईल. त्यात भांडवल तुलनेने कमी लागते, गिऱ्हाईक आयते तयार असते आणि मालाची गरज समजावून सांगण्याचे कष्ट फारसे पडत नाहीत. परंतु त्यात एक मोठा धोकाही असतो. मुख्य वस्तूचे भवितव्य दुसऱ्याच्या हाती असते. त्याने आपल्या वस्तूचा आकार बदलला, की जोडव्यापाऱ्याच्या वखारीतील मालाचे मोल एका दिवसात उतरते.

मोबाईल फोनने असा एक जोडव्यापार जगभर निर्माण केला. फोनचे संरक्षण करणारे कव्हर आज गल्लीतील लहान दुकानापासून विमानतळावरील झगमगत्या दालनापर्यंत सर्वत्र मिळते. ते किरकोळ वस्तू समजले जाते. पण याच किरकोळ वस्तूच्या बळावर अमेरिकेतील एका कुटुंबाने उभारलेली कंपनी तेथील सर्वाधिक परिचित नावांपैकी एक झाली. त्या कंपनीचे नाव ऑटरबॉक्स. तिची वाढ, तिच्यापुढील पेच आणि सीमाशुल्काच्या संदर्भात तिला आलेले दोन परस्परविरुद्ध अनुभव हे सारे व्यापारी कुटुंबांनी लक्षपूर्वक पाहावे असे आहे.

पाणमांजराची पेटी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी फोर्ट कॉलिन्स नावाचे शहर आहे. तेथील कर्ट रिचर्डसन यांना प्लास्टिकच्या साचेकामाचा अनुभव होता. गेल्या शतकातील शेवटच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये पाणी आत न शिरणाऱ्या पेटीचे नमुने तयार करण्यास प्रारंभ केला. नदीत नाव घेऊन जाणारे, डोंगरात भटकणारे आणि मासेमारीचा छंद असणारे लोक त्या प्रदेशात पुष्कळ. त्यांच्याजवळील पैसे, किल्ल्या, घड्याळ अशा वस्तू कोरड्या राहाव्यात, हा त्या पेटीचा उद्देश होता.

पेटीला नाव सुचवले ते त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी. पाणमांजराला इंग्रजीत ऑटर म्हणतात. त्याची लव इतकी दाट असते, की पाण्यात सतत वावरूनही त्याच्या त्वचेपर्यंत ओल पोहोचत नाही. पेटीचा गुण आणि प्राण्याचा गुण एकच, म्हणून ‘ऑटरबॉक्स’. १९९८ साली या नावाने कंपनी रीतसर सुरू झाली.

त्या काळी ही कंपनी जोडव्यापारात नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तिची पेटी स्वतंत्र वस्तू होती. आत काय ठेवायचे हे गिऱ्हाईक ठरवीत असे. कोणत्याही दुसऱ्या कारखानदाराने काहीही बदलले, तरी पेटीच्या खपावर त्याचा परिणाम होत नसे. मात्र तिच्या वाढीलाही मर्यादा होती. नदीवर जाणारा माणूस अशी पेटी एकदाच विकत घेतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते. टिकाऊपणा हा मालाचा गुण खरा; पण तोच पुन्हा होणाऱ्या विक्रीच्या आड येतो.

बंद पेटीतून वापरातल्या कवचाकडे

नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत हातात मावणारी विद्युत उपकरणे झपाट्याने पसरू लागली. प्रथम टिपणे आणि पत्ते ठेवणारे खिशातील संगणक आले. २००१ साली अ‍ॅपल कंपनीने गाणी ऐकण्याचा आयपॉड बाजारात आणला. पाठोपाठ ब्लॅकबेरी फोन नोकरदारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हातात दिसू लागला. ही उपकरणे महाग होती, नाजूक होती आणि ती घराबाहेरच अधिक वापरली जात होती.

येथे पेटीवाल्यांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. किल्ल्या पेटीत बंद करून ठेवल्या तरी चालते. पण जे उपकरण दर दहा मिनिटांनी हाताळावे लागते, ते पेटीत बंद करून काय उपयोग? ते बाहेर काढले तर संरक्षण संपले, आणि आत ठेवले तर उपयोग संपला. ऑटरबॉक्सने यावर काढलेला तोडगा साधा होता. उपकरण आत राहूनच वापरता आले पाहिजे. पेटीच्या तोंडावर पातळ पारदर्शक पटल बसवून त्यातूनच बोटाने काम करता यावे, अशी रचना तिने केली. आयपॉडसाठीही अशीच जलरोधक केस तयार झाली.

कंपनीच्या साऱ्या वाढीचे मूळ या एका बदलात आहे. वस्तू जपून ठेवणे आणि वस्तू वापरात असताना तिला जपणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पेटी लागते, दुसरीला कवच लागते. पेटी वस्तूपासून वेगळी असते. कवच वस्तूच्या अंगाला चिकटून असते.

२००७ साली आयफोन आला आणि काचेचा मोठा पडदा हा फोनचा मुख्य भाग झाला. त्यानंतर ऑटरबॉक्सच्या ‘डिफेंडर’ या मालिकेने तिचे नाव घरोघर नेले. या कव्हरात पडद्यावर पारदर्शक पटल, त्याभोवती पॉलिकार्बोनेट या कठीण प्लास्टिकचे कवच, त्यावर सिलिकॉनचे मऊ आवरण आणि कमरपट्ट्याला अडकवण्यासाठी वेगळी खोबण, असे भाग होते. ‘कम्युटर’ नावाची दुसरी मालिका याहून सडपातळ होती. मऊ आणि कठीण अशा दोन थरांमागे साधे शास्त्र आहे. फोन पडतो तेव्हा आघात क्षणार्धात एका कोपऱ्यावर येतो. कठीण थर तो आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो, तर मऊ थर दबून तो थांबण्याचा काळ किंचित लांबवतो. आघाताचा काळ वाढला, की त्याचा जोर कमी होतो. अंगणात पडणारे मूल फरशीपेक्षा वाळूवर कमी दुखावते, त्याचे कारणही हेच.

अशी कव्हरे दिसायला बोजड होती. ज्या फोनच्या सडपातळपणाची जाहिरात कोट्यवधी डॉलर खर्चून केली जात होती, त्यालाच ती जाड करून टाकीत. तरीही ती खपली. बांधकामावरील मुकादम, शेतकरी, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि लहान मुलांचे आईबाप यांना देखणेपणापेक्षा फोन शाबूत राहणे महत्त्वाचे वाटत होते. आपले गिऱ्हाईक कोण आणि ते कशासाठी पैसे मोजते, हे कंपनीने अचूक ओळखले होते.

२०१० साली एक विलक्षण प्रसंग घडला. आयफोन ४ या नव्या फोनची बाहेरची धातूची कडाच अँटेना म्हणून काम करीत होती. ती हातात विशिष्ट रीतीने धरल्यास संदेशग्रहण मंदावते, अशा तक्रारी आल्या. अखेर अ‍ॅपलने काही काळ ग्राहकांना विनामूल्य केस देण्याची घोषणा केली. मुख्य वस्तूच्या निर्मात्यानेच फोनला कव्हर देऊ केले. जोडव्यापाराला याहून मोठी मान्यता क्वचितच मिळते.

मालसाठ्याचे गणित

फोनच्या कव्हराचा धंदा बाहेरून जितका सुलभ दिसतो, तितका तो आतून नाही. मानू या, की एखाद्या कंपनीने ५ प्रकारच्या फोनसाठी ४ मालिका आणि प्रत्येकीचे ६ रंग ठेवले. एवढ्यानेच १२० वेगवेगळे नग झाले. प्रत्येक नग पुरेसा ठेवला तर भांडवल अडकते. कमी ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. कापडाच्या व्यापाऱ्याला न खपलेले कापड पुढील हंगामात सवलतीने काढता येते. धान्याच्या व्यापाऱ्याला भावाची वाट पाहता येते. कव्हराच्या व्यापाऱ्याला ही सोय नाही, कारण त्याचा माल दुसऱ्या कोणत्याही फोनला बसत नाही.

२०१२ साली आयफोन ५ आला. त्याचा पडदा साडेतीन इंचांवरून चार इंचांचा झाला आणि विद्युतभार भरण्याचे तोंडही पूर्णपणे बदलले. आधीच्या फोनचे एकही कव्हर नव्या फोनला बसेना. २०१४ साली आयफोन ६ हा ४.७ आणि ५.५ इंच अशा दोन आकारांत आला आणि पुन्हा तेच घडले. जुना फोन वापरणारे लोक असतातच, त्यामुळे जुना माल अगदी शून्य होत नाही. पण त्याचा खप दर महिन्याला घटत जातो आणि वखारीचे भाडे मात्र घटत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. २०११ साली नव्या आयफोनचा आकार बदलणार, अशी बातमी सर्वत्र पसरली होती. पहिल्या दिवशी दुकानात आपला माल असावा, या इराद्याने काही केस-उत्पादकांनी त्या अफवेवर विसंबून पोलादी साचे करून घेतले. ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष आलेला आयफोन ४एस हा बाहेरून जवळजवळ जुन्या आयफोन ४ सारखाच निघाला. साचे वाया गेले. ज्यांनी माहितीऐवजी अंदाजावर पैसा लावला, त्यांचा व्यवहार नकळत सट्ट्याकडे झुकला होता.

या धंद्यात पैसा अडकतो तो प्रामुख्याने दोन ठिकाणी : साच्यात आणि साठ्यात. दोन्ही ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभे असतात. कर्ज देणारी बँक साठ्याच्या किमतीतून ठराविक दुरावा वजा करून उचल मंजूर करते. परंतु गेल्या वर्षीच्या फोनची कव्हरे खरेदीच्या किमतीने साठ्याच्या विवरणात दाखवली, तर तो साठा कागदावरच उभा असतो. साठ्याचे मूल्य खरेदी किंमत आणि प्रत्यक्ष मिळू शकणारी विक्री किंमत यांपैकी जी कमी असेल तिने धरावे, हा लेखाशास्त्राचा पाठ वाणिज्य शाखेत शिकवला जातो. तो या व्यापाराला जितका लागू पडतो, तितका फार थोड्यांना. जो आपल्या पडून राहिलेल्या मालाची किंमत वेळीच स्वतःच्या हाताने कमी करतो, तो बँकेला फसवत नाही आणि स्वतःलाही फसवत नाही.

नक्कल, कायदा आणि पुन्हा पाणी

यशस्वी माल निघाला, की त्याची नक्कल निघण्यास वेळ लागत नाही. सिलिकॉन आणि प्लास्टिक ही दोन्ही सहज मिळणारी द्रव्ये आहेत. अमेरिकेच्या १९३० सालच्या टॅरिफ कायद्यात ३३७ क्रमांकाचे कलम आहे. पेटंट किंवा नोंदणीकृत चिन्हाचे उल्लंघन करणारा माल आयात होत असेल, तर त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागता येते. ऑटरबॉक्सने २०११ साली अशी तक्रार केली. २०१२ साली आयोगाने सर्वसाधारण बंदीचा आदेश दिला. या आदेशाचे वैशिष्ट्य असे, की तो ठराविक प्रतिवादींपुरता राहत नाही. त्या हक्कांचे उल्लंघन करणारा माल कोणीही बनवलेला असो, तो बंदरातच अडवता येतो. एकेका नक्कल करणाऱ्यामागे धावण्यापेक्षा दारावरच पहारा बसवण्याचा हा मार्ग होता.

पुढील वर्षी, २०१३ साली, ऑटरबॉक्सने लाईफप्रूफ ही कंपनी विकत घेतली. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील या कंपनीने पातळ असूनही जलरोधक अशी फोनची केस लोकप्रिय केली होती. यातील योगायोग मोठा मार्मिक आहे. पाणमांजराचे नाव धारण करणाऱ्या कंपनीचे सर्वांत गाजलेले डिफेंडर कव्हर आघात सोसत होते, पण ते जलरोधक नव्हते. ज्या गुणावर आपले नाव ठेवले, त्या गुणात दुसरा पुढे गेला, हे ओळखून तिने त्या दुसऱ्याला आपल्यात सामावून घेतले.

मात्र मुख्य वस्तूचा निर्माताही स्वस्थ बसत नाही. २०१६ साली आलेला आयफोन ७ स्वतःच पाण्यापासून बऱ्याच अंशी सुरक्षित होता. त्याआधी इतर काही कंपन्यांनीही तसे फोन आणले होते. जलरोधक केसचे आकर्षण त्यामुळे ओसरणे स्वाभाविक होते. उलट २०१७ साली आयफोनची पाठही काचेची झाली आणि आघातापासून संरक्षण देणाऱ्या कव्हराची गरज पुन्हा वाढली. एकाच निर्मात्याच्या निर्णयांनी जोडव्यापाराची एक बाजू खचते, तर दुसरी उचलली जाते. फोनवरचे हे अवलंबन कमी करण्यासाठी ऑटरबॉक्स पुढे शीतपेट्या आणि पेय थंड किंवा गरम ठेवणारे पेले अशा वस्तूंकडेही वळली. म्हणजे पेटीपासून निघालेली कंपनी पुन्हा एकदा पेटीकडे आली.

साच्याची किंमत कोठे लिहावी?

आता या कंपनीच्या इतिहासातील तो भाग, जो आयात करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावा.

परदेशी कारखान्याकडून माल बनवून घेताना अनेकदा आयातदार स्वतःच्या खर्चाने साचा तयार करून कारखानदाराला देतो. कधी हत्यारे देतो, कधी अभियांत्रिकी आराखडा देतो. कारखानदार मग प्रत्येक नगाची जी किंमत बिलात लावतो, तिच्यात साच्याचा खर्च नसतो. बिल त्यामुळे कमी रकमेचे होते. सीमाशुल्काचा नियम मात्र सांगतो, की मालाचे खरे मूल्य म्हणजे बिलाची रक्कम अधिक आयातदाराने पुरवलेल्या अशा साहाय्याचे मूल्य.

उदाहरणादाखल, ५०,००० डॉलरच्या साच्यातून १ लाख नग निघाले असे समजू. म्हणजे दर नगामागे साच्याचा खर्च अर्धा डॉलर. बिलातील दर ४ डॉलर असेल, तर शुल्कासाठी धरायचे मूल्य साडेचार डॉलर होते. एका नगावर चुकलेले शुल्क काही सेंटांचे असते, म्हणून ते नजरेत येत नाही. कोट्यवधी नगांवर तेच मोठी रक्कम होऊन बसते.

ऑटरबॉक्सने २००६ ते २०११ या काळात अशा साहाय्याचे मूल्य जाणूनबुजून वगळले, असा अमेरिकी शासनाचा आरोप होता. ही बाब उघडकीस आणली ती कंपनीच्याच एका माजी कर्मचाऱ्याने. अमेरिकेत १८६३ साली, यादवी युद्धाच्या काळात, सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना आळा घालण्यासाठी खोट्या दाव्यांविरुद्ध एक कायदा झाला. शासनाची फसवणूक दाखवून देणाऱ्या खासगी व्यक्तीस शासनाच्या वतीने दावा दाखल करता येतो आणि वसूल रकमेत वाटा मिळतो, अशी त्यात तरतूद आहे. याच कायद्याखालील हे प्रकरण एप्रिल २०१४ मध्ये तडजोडीने मिटले. कंपनीने ४३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्यातील सुमारे ८ लाख ३० हजार डॉलर त्या माजी कर्मचाऱ्याच्या वाट्याला आले. न्यायालयात आरोप सिद्ध झाले नव्हते, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु वर्षानुवर्षे नोंदीत न आलेल्या साच्यांचा हिशेब अखेर मोठी रक्कम मोजून मिटवावा लागला, हे वास्तव उरतेच.

हा नियम अमेरिकेपुरता मर्यादित आहे, असे कोणी समजू नये. भारतातील आयात मालाच्या मूल्यनिर्धारणाचे २००७ सालचे नियम आहेत. त्यांतील दहाव्या नियमानुसारही आयातदाराने विनामूल्य किंवा कमी किमतीत पुरवलेले साचे, हत्यारे, ठसे आणि भारताबाहेर केलेले आराखड्याचे काम यांचे मूल्य मालाच्या किमतीत मिळवावे लागते. चीनमधून स्वतःच्या नावाचा माल बनवून आणणाऱ्या आपल्याकडील तरुण व्यापाऱ्यांना हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. बिल आहे म्हणून व्यवहार पूर्ण झाला, हा समज अपुरा आहे. बिलाबाहेर काय दिले, याचीही नोंद वहीत हवी.

पेटी की कवच? न्यायालयाचा निर्णय

याच सुमारास सीमाशुल्काचाच दुसरा वाद अमेरिकी न्यायालयात चालू होता. येथे तक्रार कंपनीची होती.

आयात मालाची वर्गवारी एका आंतरराष्ट्रीय सूचीनुसार होते. तिच्या ४२०२ या शीर्षकाखाली ट्रंका, प्रवासी पेट्या, चष्म्याची घरे, कॅमेऱ्याच्या केसा, वाद्यांच्या पेट्या आणि तत्सम पात्रे येतात. ऑटरबॉक्सची डिफेंडर आणि कम्युटर कव्हरे याच वर्गातील आहेत, असे ठरवून सीमाशुल्क खात्याने त्यांच्यावर २० टक्के शुल्क आकारले. कंपनीचे म्हणणे असे, की ही प्लास्टिकच्या इतर वस्तूंपैकी आहेत. तो वर्ग ३९२६ या शीर्षकाखाली येतो आणि त्याचा दर होता ५.३ टक्के. १० लाख डॉलरच्या मालावर फरक होतो १ लाख ४७ हजार डॉलरचा.

प्रश्न वरकरणी शब्दांचा होता : फोनचे कव्हर ही पेटी आहे काय? न्यायालयाने त्याचा खोलवर विचार केला. ट्रंक, चष्म्याचे घर, कॅमेऱ्याची केस यांच्यात समान काय, याचे चार गुण त्याने समोर ठेवले. वस्तू नीट मांडून ठेवणे, साठवणे, सांभाळणे आणि वाहून नेणे. कव्हर फोनला सांभाळते, हे निर्विवाद. पण त्यात फोन मांडून किंवा साठवून ठेवलेला नसतो. कॅमेरा केसमधून काढल्याशिवाय छायाचित्र घेता येत नाही. फोन मात्र कव्हरात असतानाही पूर्णपणे वापरता येतो. म्हणून हे कव्हर ट्रंकेच्या जातीचे पात्र ठरत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २०१५ साली कंपनीच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१६ साली अपील न्यायालयाने तो कायम केला.

ज्या बदलामुळे कंपनी वाढली, नेमका तोच बदल न्यायालयात तिच्या कामी आला. १९९८ सालची जलरोधक पेटी असती, तर खात्याचे म्हणणे कदाचित खरे ठरले असते. वस्तू वापरात असताना तिला जपणे ही कल्पना बाजारात खपाचे कारण झाली होती; कायद्यात तीच कमी शुल्काचे कारण झाली.

दोन मार्ग

एकाच कंपनीच्या या दोन प्रकरणांची तुलना करून पाहावी. दोन्ही ठिकाणी विषय एकच, शुल्क कमी भरण्याचा. पहिल्या प्रकरणात, आरोपानुसार, खर्चाची एक बाब विवरणातून वगळली गेली. दुसऱ्यात मालाचे खरे स्वरूप उघडपणे न्यायालयापुढे मांडले गेले. पहिला मार्ग काही वर्षे स्वस्त पडला आणि शेवटी ४३ लाख डॉलरला पडला. दुसऱ्या मार्गात वकिलांचा खर्च झाला, वर्षे गेली. पण त्यातून मिळालेली सवलत कायमची आणि निःशंक होती. तिच्याविषयी कोणा माजी कर्मचाऱ्याला काही सांगण्यासारखे उरले नव्हते.

व्यापाऱ्याला कमी कर भरण्याचा हक्क आहे, जर कायदा तसे सांगत असेल तर. तो हक्क मिळवण्यासाठी त्याला आपला माल नेमका काय आहे हे ठाऊक हवे, त्यावर कोणता खर्च झाला हे वहीत हवे आणि दोन्ही गोष्टी अधिकाऱ्यासमोर उघड करण्याची तयारी हवी. ज्याच्या वहीत सारे लिहिलेले असते, तोच खात्याशी वाद घालू शकतो. ज्याने एक ओळ लपवली, त्याला खरी ओळ दाखवतानाही संकोच वाटतो.

आपल्या वर्गवारीचा विचार येथील व्यापाऱ्यानेही करावा. सूचीतील पहिले सहा आकडे ती स्वीकारणाऱ्या सर्व देशांत समान असतात आणि भारतही तीच सूची वापरतो. दर प्रत्येक देशाचे वेगळे. अनेकदा दलालाने पूर्वी जो क्रमांक लिहिला, तोच वर्षानुवर्षे पुढे चालू राहतो. तो बरोबर आहे काय, हे जाणकाराकडून एकदा तपासून घेतले तर कधी शुल्क वाचते आणि कधी भावी नोटीस टळते. दोन्ही लाभच आहेत.

घरातील तरुण मुले-मुली आज मोबाईलचे कव्हर, चार्जर, हेडफोन अशा जोडव्यापारात उतरत आहेत. त्यांना परावृत्त करण्याचे कारण नाही. गॅरेजमधील एका पेटीतून केवढा उद्योग उभा राहू शकतो, हे फोर्ट कॉलिन्सच्या उदाहरणाने दाखवले आहे. मात्र भांडवल देताना वडीलधाऱ्यांनी त्यांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. मुख्य वस्तू बदलली तर अंगावर किती माल पडेल? माझे गिऱ्हाईक माझ्याकडून नेमके काय विकत घेते? आणि बिलाबाहेर दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद कोठे आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्या वहीत सापडतील, त्याला भांडवल देण्यास कोणत्याही वडिलांनी आणि कोणत्याही बँकेने संकोच करू नये.